अंगणातला चेंडू आणि घरातली ईर्षा

मुलांच्या खेळाचा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. राज्ये कशी मिळाली व कशी गेली, तह कोठे झाले, दुष्काळ केव्हा पडले, याची टिपणे बखरकारांनी व त्यांच्यामागून इतिहासकारांनी जपून ठेवली. परंतु एखाद्या गावची मुले सायंकाळी काय खेळत होती, आणि त्यांच्या खेळात वडीलधारी माणसे केव्हा व कोणत्या हेतूने शिरली, हे टिपून ठेवण्याजोगे कोणास वाटले नाही. अमेरिकेतील बेसबॉल हा खेळ या बाबतीत अपवाद आहे. तेथे मुलांच्या खेळास गणवेश, वेळापत्रक, पंच आणि अजिंक्यपद ही केव्हा चिकटली, तो दिवससुद्धा सांगता येतो. त्या दिवसानंतर घरोघरच्या आईबापांनी या खेळापायी किती सुख भोगले व किती मनस्ताप सोसला, याचीही हकीकत बरीचशी उपलब्ध आहे. ती आपल्यालाही विचार करावयास लावील अशी आहे.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. आपल्या विटीदांडूत जसा दांडू, तशी बेसबॉलात लाकडाची गोल बॅट असते. मैदानात चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांस 'बेस' म्हणतात. मध्यभागी उभा राहून जो चेंडू फेकतो तो 'पिचर'. चेंडू टोलवून जो चारही ठाणी शिवून स्वस्थानी परत येतो, त्याची एक धाव होते. प्रौढांच्या खेळात एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्याचे अंतर ९० फूट, आणि पिचर व बॅटवाला यांच्यामधील अंतर ६० फूट ६ इंच असते. दहा वर्षांच्या मुलास हे अंतर फार मोठे पडते. फेकलेला चेंडू पोचेपर्यंत त्याचा जोर संपतो, आणि ठाणे गाठीपर्यंत धावणाऱ्याचा दम संपतो. खेळ मोठ्यांच्या मापाने बेतलेला आणि खेळणारे लहान, ही ती अडचण होती.

पेन्सिल्व्हेनिया प्रांतात विल्यम्सपोर्ट नावाचे, लाकडाच्या व्यापाराने नावारूपास आलेले एक गाव आहे. तेथे कार्ल स्टॉट्झ नावाचा एक तरुण कारकून राहात असे. १९३८ सालच्या उन्हाळ्यात तो आपल्या दोन भाच्यांशी परसात चेंडू झेलण्याचा खेळ खेळत असता लायलॅकच्या छाटलेल्या झुडपाच्या खुंटावर त्याचा पाय पडला व घोटा दुखावला. दुखरा पाय घेऊन तो पायरीवर बसला, आणि बसल्या बसल्या त्याच्या मनात आले की, या मुलांना त्यांच्या मापाचे मैदान, त्यांच्या मापाची बॅट आणि खराखुरा गणवेश मिळाला तर किती मौज होईल! कल्पना सुचणे सोपे असते, माप ठरविणे अवघड असते. स्टॉट्झने वर्तमानपत्रांच्या घड्या करून त्या ठाणी म्हणून जमिनीवर मांडल्या, भाच्यांना धावावयास लावले आणि घड्या पुढेमागे सरकवीत अखेर ६० फुटांचे अंतर मुक्रर केले. मुलांकडे पाहून नियम करावयाचा, नियमाकडे पाहून मुले घडवावयाची नाहीत, हे तत्त्व त्या कारकुनाच्या हातून नकळत पाळले गेले.

पुढची अडचण पैशाची होती. अमेरिकेवर आर्थिक मंदीची छाया अजून होती. स्टॉट्झ गावातील दुकाने व कारखाने यांचे उंबरठे झिजवू लागला. ५६ ठिकाणी नकार मिळाल्यावर लायकमिंग डेअरी या दुग्धालयाने ३० डॉलर देऊ केले. त्यापाठोपाठ एक लाकडाची वखार आणि एक खाऊचा कारखाना असे आणखी दोन आश्रयदाते मिळाले, व तीन संघ उभे राहिले. बर्ट व जॉर्ज बेबल हे दोघे भाऊ इतर संघांची देखभाल करू लागले, आणि तिन्ही घरांतील गृहिणींनीही या उद्योगास हातभार लावला. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला, त्यात लंडी लंबर संघाने लायकमिंग डेअरी संघाचा २३ विरुद्ध ८ धावांनी पराभव केला. 'लिट्ल लीग' या संस्थेचा जन्म तो हा. त्या सायंकाळी पाहावयास आलेली माणसे बहुतेक मुलांचे आईबाप व शेजारीपाजारी होती. कोणास प्रवासखर्च पडला नव्हता, कोणाची झोप उडाली नव्हती.

महायुद्ध संपल्यावर ही संस्था वाढीस लागली. सैन्यातून परतलेले पुरुष संसारात रमले होते, शहरांच्या कडेने नव्या वसाहती उठत होत्या आणि मुलांची संख्या वाढत होती. अशा वसाहतीत नवख्या कुटुंबांना परस्परांची ओळख करून देणारे ठिकाण म्हणून या मैदानाचा उपयोग होऊ लागला. बापाने मैदान आखावे, पंचाचे काम पाहावे, आईने खाण्याच्या टपरीवर उभे राहून चार पैसे गोळा करावे, आणि त्या पैशातून पुढल्या वर्षीचे चेंडू घ्यावे, असा परिपाठ पडला. १९४७ साली विल्यम्सपोर्ट येथे पहिली मोठी अजिंक्यपदाची स्पर्धा भरली व ती त्याच गावच्या मेनार्ड संघाने जिंकली. पुढल्याच वर्षी एका बड्या रबर कंपनीने संस्थेस आश्रय दिला. द्रव्य आले, कचेरी आली, आणि द्रव्य व कचेरी यांच्याबरोबर जे मतभेद येतात तेही आले.

ज्या स्टॉट्झने वर्तमानपत्राच्या घड्या मांडल्या होत्या, त्यास हा पसारा रुचेना. खेळ गावाच्या हातून निसटून व्यापाराच्या हाती चालला, असे त्यास वाटू लागले. १९५५ साली त्याचे व संस्थाचालकांचे उघड बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९५६ साली तडजोड होऊन संस्थापक आपल्याच संस्थेतून बाहेर पडला. गावातील मूळ मैदानावर तो पुढेही मुलांचा खेळ स्वतंत्रपणे चालवीत राहिला. संस्था मात्र वाढतच गेली. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने तिला सनद दिली. १९९२ साली स्टॉट्झ वारला, तोपर्यंत देशोदेशीची मुले त्याच्या गावी अजिंक्यपदासाठी येऊन लढत होती. एवढे भाग्य आणि एवढा वनवास एकाच माणसाच्या वाट्यास क्वचितच येतो.

या शाळेतून मोठ्या संघात गेलेला पहिला खेळाडू जोई जे. १९५३ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, तो मिलवॉकीच्या व्यावसायिक संघात दाखल झाला. घरोघरच्या बापांच्या डोळ्यांसमोर एक नवे स्वप्न उभे राहिले ते येथून. आपल्या पोराच्या हातीही असाच परीस नसेल कशावरून? परंतु नवल असे की, याच जोई जेने १९६५ साली एका मासिकात लेख लिहून आईबापांना धोक्याची सूचना दिली की, या खेळाच्या वेडात आपल्या मुलास अडकवू नका. ज्यास फळ मिळाले तोच झाडाखाली उभे राहू नका असे सांगत होता. परंतु फळ मिळालेल्याचा सल्ला कोण ऐकतो? लोक त्याच्या हातातील फळाकडेच पाहात राहिले.

मुलांच्या खेळात मोठी माणसे शिरली म्हणजे ती आपले गुण व दोष घेऊनच शिरतात. याचा दाखला १९५५ साली साउथ कॅरोलायना प्रांतात चार्ल्सटन येथे मिळाला. तेथे कॅनन स्ट्रीट येथील वाय. एम. सी. ए. च्या कृष्णवर्णीय मुलांनी प्रांतिक स्पर्धेसाठी आपले नाव नोंदविले. त्या मुलांशी आपली मुले खेळतील हे सहन न होऊन प्रांतातील ६१ गौरवर्णीय लीगांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. प्रतिपक्षच उरला नाही, म्हणून कॅनन स्ट्रीटचा संघ विजयी ठरला. परंतु मैदानावर खेळून विजय मिळविलेला नाही, या कारणास्तव नियमाने पुढल्या फेरीचे दार त्यास बंद झाले. त्या मुलांना विल्यम्सपोर्ट येथे पाहुणे म्हणून बोलाविण्यात आले. त्यांनी मैदानावर थोडा सराव केला, आणि प्रेक्षकांतून 'त्यांना खेळू द्या' असा पुकारा उठला. त्यांना खेळू दिले गेले नाही. ती मुले अकरा-बारा वर्षांची होती. त्यांच्या आईबापांनी घरी परतल्यावर त्यांची कशी समजूत घातली असेल, याची कल्पनाच करावी.

मुलींची कथाही अशीच. १९५० साली न्यूयॉर्क प्रांतातील कॉर्निंग येथे कॅथरिन जॉन्स्टन या मुलीने आपल्या वेण्या कापल्या, 'टबी' असे मुलाचे नाव घेतले आणि संघात प्रवेश मिळविला. खरे नाव कळल्यावरही तिला खेळू दिले गेले, पण पुढल्या वर्षी संस्थेने मुलींना मज्जाव करणारा नियम केला. १९७२ साली न्यूजर्सी प्रांतातील होबोकेन येथे मरिया पेपे हिला तीन सामने खेळल्यावर काढून टाकावे लागले, कारण तिला खेळविल्यास गावाची सनदच काढून घेऊ अशी ताकीद वरून आली. तिच्या वतीने स्त्रियांच्या एका संघटनेने दाद मागितली. प्रकरण न्यायालयात जाऊन १९७४ साली मुलींच्या बाजूने निकाल झाला, आणि त्याच वर्षाअखेर संस्थेच्या सनदेतील 'मुलगे' हा शब्द काढून तेथे मुलामुलींना सारखाच लागू पडेल असा शब्द घालण्यात आला. निकाल लागेपर्यंत मरियाचे खेळण्याचे वय उलटून गेले होते. न्याय मिळाला, पण तो तिच्या पाठच्या मुलींना मिळाला.

या इतिहासाची उजळ बाजूही सांगितलीच पाहिजे. १९५७ साली मेक्सिकोतील माँटेरे या कारखानदारीच्या गावातील कामगारांची मुले सरहद्द ओलांडून टेक्सास प्रांतात आली. गाडीभाड्यास पैसा नसल्याने सरहद्दीजवळील शेवटचा पल्ला त्यांनी पायी तोडला. अंगावरचे कपडे आणि थोडे दिवस राहण्याचा परवाना, एवढेच त्यांचे भांडवल होते. पहिल्या सामन्यात हरून परत जाऊ, अशीच सर्वांची अपेक्षा. परंतु ती मुले एकामागून एक सामने जिंकीत थेट विल्यम्सपोर्टला पोचली, व अंतिम सामन्यात आंखेल मासियास या मुलाने प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूस ठाण्यावर पोचू न देता ४ विरुद्ध ० असा विजय मिळविला. त्या घरांनी मुलांवर द्रव्य खर्चिले नव्हते, कारण ते त्यांच्यापाशी नव्हतेच. त्यांनी मुलांना जाऊ दिले, आणि वाट पाहिली.

पुढे जेव्हा राष्ट्राची अब्रू मुलांच्या खांद्यावर ठेवण्यात आली, तेव्हा खेळाचे रूप पालटले. तैवान बेटावर १९६८ साली हुंग्ये या डोंगरी खेड्यातील आदिवासी मुलांच्या संघाने जपानहून आलेल्या संघास हरविले. बांबूच्या काठ्यांनी दगड टोलवून शिकलेली ही मुले, अशी त्यांची ख्याती झाली व साऱ्या बेटावर जल्लोष उसळला. परंतु पुढे न्यायालयात असे उघडकीस आले की, संघातील कित्येक मुले दुसऱ्यांच्या नावाने खेळली होती. लगेच १९६९ साली तायचुंगच्या संघाने विल्यम्सपोर्टचे अजिंक्यपद जिंकले, व तेव्हापासून १९९६ पर्यंत तैवानच्या संघांनी ते १७ वेळा पटकावले. सामने तेथे मध्यरात्रीनंतर दिसत, आणि घरोघरी माणसे जागून ते पाहात. या वैभवाच्या पोटात मुलांचे लांबलांबचे सराव, घरापासून दूर वसतिगृहातील दिवस आणि बुडालेला अभ्यास होता. १९९७ साली तैवानने या स्पर्धेतून काही काळ अंग काढून घेतले.

वयाची चोरी हा या ईर्षेचा दुसरा अवतार. २००१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील संघाच्या एका पिचरने सर्वांस थक्क करून सोडले. पुढे जन्मनोंद तपासता तो बारा वर्षांचा नसून चौदा वर्षांचा असल्याचे निघाले, व संघाचे सारे विजय रद्द झाले. दाखला खोटा करण्याचे काम मुलाचे नव्हते, ते घरच्या वडील माणसाचे होते. संस्थेच्या अध्यक्षांनीही त्या वेळी मुलास दोष न देता, मोठ्यांनी मुलांचा हीन उपयोग करून घेतला, असा शेरा मारला.

जपानात या खेळास जवळजवळ व्रताचे स्वरूप आले. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने तो तेथे नेला; १९१५ साली माध्यमिक शाळांची अखिल जपानी स्पर्धा सुरू झाली, आणि १९२४ साली कोशिएन येथे तिच्यासाठी प्रचंड क्रीडांगण उभे राहिले. हरलेली मुले तेथील मातीचा चिमटा पिशवीत भरून घरी नेतात. तुळतुळीत काढलेली डोकी, पहाटेपासूनचा सराव आणि शिक्षकाचा शब्द प्रमाण, ही तेथील रीत. लहान मुलांच्या संघांत आयांनी पाळीपाळीने मैदानावर हजर राहून शिक्षकांना चहापाणी द्यावे, असाही दंडक पुष्कळ ठिकाणी पडला होता. नोकरी करणाऱ्या आयांना तो जाचू लागल्यावर अलीकडे त्याविरुद्ध बरीच ओरड झाली. १९९८ साली दायसुके मात्सुझाका या शाळकरी पिचरने सतरा डावांच्या एकाच सामन्यात २५० चेंडू फेकले. त्या वेळी त्याचा जयजयकार झाला. पुढे लोकांच्या मनात शंका उत्पन्न झाली, व २०२० सालापासून एका पिचरने आठवड्यात ५०० हून अधिक चेंडू फेकू नयेत असा निर्बंध आला. २०२३ साली केइओ शाळेच्या संघाने १०७ वर्षांनंतर पुन्हा ही स्पर्धा जिंकली. त्या मुलांची डोकी भादरलेली नव्हती, आणि आनंदाने खेळा असे सांगणारा त्यांचा मार्गदर्शक प्राथमिक शाळेत शिक्षकाचे काम करीत होता.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. १९९० नंतर तेथे गावच्या मैदानापेक्षा 'फिरत्या संघां'चे प्रस्थ वाढले. निवडक मुलांचा संघ बनवावयाचा, पगारी शिक्षक नेमावयाचा, आणि दर आठवड्याच्या अखेरीस शेकडो मैल मोटार हाकीत स्पर्धेस जावयाचे, असा हा प्रकार. त्यापाठोपाठ मुलांचे गुण पारखण्याचे बाजारही भरू लागले. तेथे यंत्राने चेंडूचा वेग मोजतात, आणि कॉलेजांचे व व्यावसायिक संघांचे हेर तो आकडा टिपून घेतात. खेळाचा हंगाम उन्हाळ्यापुरता न राहता बारमाही झाला. आश्रयदात्याची शोधाशोध करणारा कारकून गेला, आणि स्वतःचा खिसा उलटा करणारा बाप त्याच्या जागी आला. घराची रविवारची पंगत, आजोळची भेट, धाकट्या बहिणीचा वाढदिवस, हे सारे स्पर्धेच्या वेळापत्रकाभोवती बसविले जाऊ लागले.

या खटाटोपामागे आईबापांचा एक हिशेब असतो. कॉलेजचे शिक्षण तेथे फार महाग. मुलगा चांगला खेळला तर शिष्यवृत्ती मिळेल, ही आशा. हा हिशेब कितपत खरा होता? पहिल्या दर्जाच्या कॉलेजांना बेसबॉलच्या संघासाठी कित्येक वर्षे एकूण ११.७ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, आणि त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटल्या जात. म्हणजे एकेकाच्या वाट्यास सरासरीने अर्धीसुद्धा पुरती येत नसे. २०२५ साली ही पद्धत बदलून अनेक कॉलेजांत संघाच्या ३४ जागांची मर्यादा आली. पण जागा मोजक्या आणि उमेदवार असंख्य, हे मूळ गणित काही बदलले नाही. याउलट खर्च निश्चित असतो. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०२४ साली अमेरिकन कुटुंबाने मुलाच्या मुख्य खेळावर, मग तो कोणताही असो, सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले. २०१९ च्या मानाने ही वाढ ४६ टक्के होती. आईबाप खर्च रोख करतात आणि फळ उधारीवर घेतात.

सर्वांत महाग पडतो तो मुलाचा हात. वाढत्या वयात कोपराजवळची हाडे पुरती जुळलेली नसतात. तेथील कूर्चेवर एकसारखा ताण पडला म्हणजे ती दुखावते. १९६० साली दोन वैद्यांनी या व्याधीस 'लिट्ल लीगचे कोपर' असे नावच देऊन टाकले. १९७४ साली लॉस एंजेलिस येथे डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या बंधाच्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुबंध बसविला व तो पुन्हा खेळू लागला. ज्या शस्त्रक्रियेस चमत्कार मानावे, ती पुढे शाळकरी मुलांवरही वारंवार करण्याची पाळी आली. बर्मिंगहॅम येथील एका संशोधन संस्थेने ९ ते १४ वर्षांच्या ४८१ पिचरांवर दहा वर्षे लक्ष ठेवले. वर्षाकाठी १०० हून अधिक डाव टाकणाऱ्या मुलांस गंभीर इजा होण्याचा संभव साडेतीन पट असतो, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याहून खेदजनक गोष्ट २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसली. विचारलेल्या पालकांपैकी ३७ टक्क्यांचे मत असे पडले की, कोपरास इजा झालेली नसली तरीसुद्धा खेळ सुधारण्यासाठी ही शस्त्रक्रिया करावी. शाळकरी खेळाडूंत हे प्रमाण ५१ टक्के होते. निरोगी हात कापून घेतल्याने तो अधिक बळकट होतो, हा समज अज्ञानातून आला खरा; पण त्या अज्ञानास खतपाणी आशेने घातले होते.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांचे काय होते? २०१५ साली अँड्र्यू मॅककचन या नामांकित खेळाडूने याचे उत्तर लेखरूपाने दिले. २०१३ साली आपल्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविणारा हा गडी फ्लोरिडातील एका लहान गावच्या सामान्य परिस्थितीतील कुटुंबात वाढला. गरीब मुलांना हातमोजे व बॅट दिल्या म्हणजे भागले, असे दानशूर लोक समजतात. परंतु खरी अडचण सामानाची नसून प्रवासाची, राहण्याची व स्पर्धेच्या शुल्काची आहे, असे त्याने दाखवून दिले. एका शिक्षकाने त्यास बोट धरून पुढे नेले नसते तर तो मागेच राहिला असता. या म्हणण्यास आकड्यांचाही दुजोरा मिळतो. १९८१ साली अमेरिकेच्या वरिष्ठ व्यावसायिक संघांत कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंचे प्रमाण १८.७ टक्के होते, ते २०२४ साली सुमारे ६ टक्क्यांवर आले. २०२२ सालच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत तर अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असे प्रथमच घडले. या घसरणीस इतर कारणेही आहेत, पण पैशाची ही चाळणी त्यांतील एक मोठे कारण होय. १९५५ साली जे दार उघडपणे लावून घेतले होते, ते पुढे उघडे राहिले, परंतु त्याच्या उंबरठ्यावर नाके बसले.

हे सर्व ऐकून आईबापांसच दोषी ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. पहाटे चार वाजता उठून मुलाचा डबा भरणारी आई, कामावरची रजा जपून ठेवून मुलास दूरच्या गावी नेणारा बाप, ही माणसे लोभी नसतात. कित्येक बापलेकांचे मनमोकळे बोलणे त्या लांबच्या मोटारप्रवासातच होते, आणि संघातील इतर कुटुंबांशी जडलेला स्नेह खेळ सुटल्यावरही टिकतो. खरी मेख अशी की, एका घराने थांबावे म्हटले तरी ते थांबू शकत नाही. शेजाऱ्याचा मुलगा बारमाही सराव करतो, आणि आपल्या मुलाने हिवाळ्यात विश्रांती घेतली तर त्याची जागा जाईल, ही धास्ती असते. प्रत्येक घर शहाणपणाने वागते, आणि सर्व घरांच्या शहाणपणाची बेरीज वेडेपणा होते. अशा वेळी एकट्यादुकट्याच्या उपदेशाने काही भागत नाही; सर्वांस सारखा लागू होणारा नियमच उपयोगी पडतो.

तसे नियम होऊ लागले आहेत. लिट्ल लीगने २००७ सालापासून पिचरने दिवसास किती चेंडू फेकावे याची वयोमानाप्रमाणे मर्यादा घातली. ११-१२ वर्षांच्या मुलास ती ८५ चेंडूंची आहे. २०१४ साली वरिष्ठ व्यावसायिक संघांच्या संस्थेने बालखेळाडूंच्या हातास केव्हा किती विसावा द्यावा याचे कोष्टक प्रसिद्ध केले. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीत १९८९ साली जॉन यंग या माजी खेळाडूने सुरू केलेला उपक्रम पुढे अनेक शहरांत पसरला, व पदरी पैसा नसलेल्या मुलांना त्यामुळे मैदान मिळाले. तथापि २०२४ च्या अखेरीस त्याच वरिष्ठ संस्थेने दुखापतींविषयी जो अहवाल काढला, त्यात चेंडूच्या वेगाची हाव व लहान वयापासूनचा बारमाही खेळ यांवरच बोट ठेवले होते. कोष्टक भिंतीवर टांगले म्हणजे ते पाळले जातेच असे नाही. फिरत्या संघांत एकच मूल दोन-दोन संघांकडून खेळते, तेव्हा त्याने फेकलेले चेंडू मोजावयाचे कोणी?

आपल्याकडे बेसबॉल फारसा रुजला नाही; परंतु आपल्या शहरांतील मैदानांवर क्रिकेटचे भले मोठे ओझे पाठीवर घेऊन सकाळच्या गाडीतून उतरणारी मुले आणि त्यांच्यामागे पाण्याची बाटली धरून चालणारे आईबाप पाहिले, म्हणजे ही हकीकत सर्वस्वी परकी वाटत नाही. सरावाची किंमत, वयाचा दाखला, निवडीची धास्ती हे शब्द आपल्याही घरांत शिरले आहेत. त्या दृष्टीने विल्यम्सपोर्टच्या कारकुनाची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याने भाच्यांना धावावयास लावले, ते कोठे दमतात हे पाहिले, आणि मग घडी सरकविली. त्या गावातून निघालेली संस्था जगभर पसरली, तिच्या नावाने स्पर्धा झाल्या, खटले झाले, अजिंक्यपदे दिली आणि काढून घेतली गेली. पण मूल दमले की थांबून त्याच्याकडे पाहणे, हे काम कोणत्याही संस्थेस करता येत नाही. ते मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईबापांनाच करावे लागते.